फोन म्हणतो गरुड, झाडावर तर काळा पक्षी!

मागच्या अंकात आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या ॲपबद्दल मी जरासं लिहिलं आणि तेव्हापासून महिनाभर माझा फोन नुसता वाजतोय. पक्ष्यांची रेकॉर्डिंग आली, कुणाच्या पंख्याची कुरकुर आली, एकाने तर अर्धा तास नुसता पाऊस पाठवला. बहुतेक प्रश्न रायगड ते सिंधुदुर्ग या पट्ट्यातले होते, त्यामुळे यावेळचं सदर अख्खं कोकणचं. पत्रं लांब होती ती कापली आहेत, रागावू नका.

प्रश्न : ताई, आमचा छोटा होमस्टे आहे. पाहुणे सकाळी अंगणात चहा घेताना फोन वर धरून बसतात आणि मलाच आमच्या परसातल्या पक्ष्यांची नावं सांगतात, इतकी वर्षं इथे राहून मला निम्मी पण येत नाहीत याची लाज वाटते. कुठलं ॲप घ्यायचं, पैसे पडतात का, आणि मुख्य म्हणजे आमच्याकडे रेंज फक्त विहिरीच्या कठड्यापाशी येते, तर चालेल का? – एक होमस्टेवाले, गुहागर

उत्तर : लाज कसली त्यात. तुम्ही कुकुडकोंबा ओळखता, टिटवी ओळखता, खंड्या ओळखता, पाहुणे त्यांचीच इंग्रजी नावं घेतात इतकंच. मर्लिन नावाचं ॲप घ्या. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं आहे, फुकट आहे, जाहिराती नाहीत. ॲप 2014 पासून आहे पण आवाज ऐकून नाव सांगायची सोय त्यात 2021 मध्ये आली, तेव्हा फक्त अमेरिका-कॅनडाचे पक्षी होते, आता आपल्याकडचेही बरेच आहेत. रेंजचं म्हणाल तर बाजारात गेलात की कुणाच्या तरी वायफायवर भारतातल्या पक्ष्यांचा पॅक एकदाच उतरवून घ्या. जड असतो, आधी लग्नाचे व्हिडिओ कुठेतरी हलवा. एकदा पॅक आला की नेट लागत नाही, ऐकायचं आणि ओळखायचं काम फोनच्या पोटातच होतं. लोकेशन मात्र चालू ठेवा, कारण या भागात या महिन्यात लोकांनी कुठले पक्षी नोंदवलेत त्याचाही ॲप विचार करतं. एका बाईंनी लोकेशन बंद ठेवलं होतं आणि पॅक भलताच उतरवला होता, त्यांच्या जास्वंदीवर चक्क युरोपातले पक्षी यायला लागले.

दुसरं बर्डनेट. तेही कॉर्नेलचंच, जोडीला जर्मनीतलं केमनिट्झचं तंत्र विद्यापीठ. त्यात आधी रेकॉर्ड करायचं, मग हवा तेवढा तुकडा बोटाने निवडून पाठवायचा, मग ते नाव सांगतं आणि किती खात्री आहे तेही सांगतं. त्याला नेट लागतं. म्हणजे तुमच्यासाठी विहीर आलीच, पण कठड्यावर चढू नका हो.

आणि एक गंमत बघा. ॲपमध्ये आवाज चालू असताना पडद्यावर करडी चित्रं सरकत असतात ना, लोक त्याकडे बघतच नाहीत, नुसतं नाव कधी येतंय त्याची वाट बघतात. ते आवाजाचं चित्र आहे, स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर आवाजाची पट्टी, जितका मोठा आवाज तितकी ठळक रेघ. ॲप खरं म्हणजे हे चित्रच बघून ओळखतं, हजारो रेकॉर्डिंगची अशी चित्रं दाखवून दाखवून त्याला शिकवलंय. तांबटाचं टुक टुक टुक म्हणजे एका रेषेत सारख्या अंतरावर मारलेले शिक्के. पावशाचं पेरते व्हा, पेरते व्हा म्हणजे जिना, प्रत्येक हाक आधीच्यापेक्षा वर. आठवडाभर नुसतं चित्र बघा, नाव यायच्या आत तुम्हीच पाहुण्यांना सांगाल.

प्रश्न : आमच्या काजूच्या बागेच्या मागे रान आहे. सकाळी सातला ॲप लावलं तर दोन मिनिटांत सर्पगरुड, शिक्रा, हळद्या आणि सातभाई अशी चार नावं आली. मी दुर्बीण घेऊन अख्खं झाड धुंडाळलं, वर फक्त एक काळा पक्षी, शेपटीला दोन लांब काड्या आणि टोकाला पिसं. ॲप बिघडलंय का? – बागायतदार, सावंतवाडी

उत्तर : ॲप ठणठणीत आहे, तुम्हाला भृंगराज भेटला! यावेळच्या सगळ्या पत्रांत मला हे पत्र सगळ्यात आवडलं, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

भृंगराज म्हणजे आपल्या कोतवाल पक्ष्याचा रानातला भाऊबंद. नकला करण्यात याचा हात धरणारा आपल्याकडे कुणी नाही. सर्पगरुडाची शीळ, शिक्र्याचं किंचाळणं, सातभाईंची कलकल, सगळं एकामागोमाग एक काढतो आणि मधेच स्वतःचा खणखणीत धातूसारखा आवाज लावतो. हे नुसती हौस म्हणून नाही. रानात बऱ्याच जातींचे पक्षी मिळून थव्याने खात फिरतात, सातभाईसारखे खाली पाचोळा उसकतात, त्यातून उडणारे किडे हा वरच्या वर टिपतो. म्हणजे थवा जवळ असणं याच्या पोटाचा प्रश्न. आणि थवा जमवायला हा त्यांचेच आवाज काढतो असं अभ्यासकांना दिसलंय.

आता यात ॲपची काय चूक? त्याने आवाज ऐकला, चित्र जुळलं, नाव सांगितलं. बिचाऱ्याला डोळे कुठे आहेत. माझ्या भाच्याने एकदा तोंडाने कुहू काढलं तर ॲपने झटकन कोकीळ म्हणून सांगितलं, पोरगं दोन दिवस त्याच आनंदात होतं.

मग ओळखायचं कसं? एकाच फांदीवरून मिनिटभरात तीन-चार वेगवेगळे पक्षी बोलले तर शंका घ्या. सर्पगरुड बहुतेक वेळा ऊन तापलं की आभाळात घिरट्या घालत शीळ देतो, सकाळी सातला काजूच्या आतल्या फांदीवरून नाही. आणि नक्कल सहसा अर्धवट असते, एक तुकडा घेतला, सोडला, दुसरा उचलला. तुम्ही दुर्बीण घेऊन झाड धुंडाळलंत ते फार बरं केलंत, नाहीतर चार पक्षी वहीत गेले असते आणि जो खरा होता तोच राहिला असता.

प्रश्न : कोकीळ गाते की गातो? आमच्यात पैज लागलीये. ॲप कुहूला पण कोकीळ म्हणतं आणि दुसऱ्या एका किक-किक-किक आवाजाला पण कोकीळच म्हणतं. – नववीतला विद्यार्थी, चिपळूण

उत्तर : गातो. कुहू करणारा काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा नर. किक-किक-किक करणारी मादी, तपकिरी आणि अंगभर ठिपके असलेली. दोघं एकाच जातीचे, म्हणून ॲपचं दोन्ही वेळा बरोबर. पैज कुणी जिंकली ते कळव.

प्रश्न : आमच्या दर्यार मोबाईल धरलो तर ॲपात काय एक येणा नाय. पक्षी तर समोर ढीगभर दिसतत. – मालवण

उत्तर : लाटांचा आवाज पडद्यावर खालपासून वरपर्यंत नुसता धुरळा करतो, त्यात पक्ष्याची बारीक रेघ बुडून जाते. वारा तर लाटांपेक्षा वाईट, थेट माईकवर आपटतो. पाठ समुद्राकडे करा, फोन छातीशी धरा, वारा पडलेला असताना पहाटे जा, नाहीतर सुरूच्या बनाच्या आत शिरा. पण खरं सांगू का, पुळणीवरचे पक्षी हे बघून ओळखायचे पक्षी. थंडीत येणारे कुरव आणि चिखले थव्याने बसलेले असतात, हूं की चूं करत नाहीत. तिथे दुर्बीणच बरी.

प्रश्न : ताई, रात्री नऊ-साडेनऊनंतर आमच्या घरामागच्या जुन्या आंब्यावरून कुणीतरी थरथरत्या आवाजात हाक मारल्यासारखं करतं. हसतंय की रडतंय तेच कळत नाही. सासूबाई म्हणतात देवचार आहे, म्हणजे जागेची राखण करणारं भूत, फोनमध्ये भरू नकोस. मी तरी गुपचूप खिडकीतून ॲप लावलं, पण त्यात काहीच आलं नाही आणि आता मला जास्तच भीती वाटायला लागलीये! – एक सूनबाई, वेंगुर्ला

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी आधी मनसोक्त हसले आणि मग तुम्ही पाठवलेला तुकडा रात्रीच ऐकला, ती चूक झाली.

माझ्या मते हे रानघुबड, त्यातलं मॉटल्ड वुड आऊल म्हणतात ते. गावाच्या कडेची जुनी आमराई, चिंच, वड असली झाडं याला फार आवडतात. आवाज चू-हू-वाऽऽ असा लांब, कापरा, शेवटी उतरत जाणारा. कधी जोडी आळीपाळीने देते, एक इकडच्या आंब्यावरून आणि एक तिकडच्या फणसावरून, मग तर विचारूच नका. अंगावर ठिपके आणि नागमोडी रेघा इतक्या दाट असतात की दिवसा खोडाला टेकून बसलं तर खालून जाणाऱ्याला दिसत नाही. म्हणजे आवाज मोठा आणि दिसत कुणीच नाही, त्यावरून माणसांनी काय समजायचं ते पिढ्यान् पिढ्या समजलेलं आहे.

ॲप गप्प का बसलं तर त्याला दोन-तीन कारणं. तुम्ही खिडकीच्या आतून धरलंत, पक्षी लांब, आणि मधे रातकिडे. रातकिड्यांची पडद्यावर अखंड जाड पट्टी उमटते, बघा हवं तर. दुसरं म्हणजे ज्या जातीची रेकॉर्डिंग जगात कमी जमली आहेत ती ॲपला नीट शिकवताच येत नाही. तुळशीकडच्या कबुतराला ते लगेच ओळखेल, रात्रीच्या पक्ष्यांचं मात्र नेहमीच अवघड. त्यामुळे ॲपमध्ये काही आलं नाही याचा अर्थ तिथे कुणी नाही असा होत नाही, आणि देवचार आहे असाही होत नाही.

आता असं करा. संध्याकाळी घरात, दिव्याच्या उजेडात, ॲपमध्ये या घुबडाचं पान उघडा आणि इअरफोन लावून आवाज ऐका. तोच वाटला तर सासूबाईंनाही ऐकवा. घरातच हं, आंब्याखाली नाही, कारण पुढच्या एका उत्तरात येईल. त्यांना चिडवू नका. राखणदार म्हणत असतील तर फार चूक नाही त्यांचं, उंदीर हे याचं नेहमीचं खाणं आणि माडावर चढून नारळ कोण पोखरतं ते वेंगुर्ल्यात मी सांगायला नको. तो आंबा तेवढा तोडू देऊ नका कुणाला.

प्रश्न : मी हौशी फोटोग्राफर आहे. पावसाळ्यात तिबोटी खंड्याचा फोटो मिळावा म्हणून ब्लूटूथ स्पीकरवर त्याचा आवाज लावला तर येतो असं ग्रुपवर वाचलं. ॲपमध्ये आवाज आयताच आहे. लावू का? – दापोली

उत्तर : नाही. तुम्ही विचारलंत याचं कौतुक, बहुतेक जण न विचारताच लावतात.

तिबोटी खंड्या पावसाच्या तोंडावर आपल्या ओढ्यांवर येतो तो पिल्लं काढायला. दरडीच्या मातीत आडवं बीळ पोखरून आत अंडी घालतो. अशा वेळी तुमच्या स्पीकरमधून त्याच्याच जातीचा आवाज आला की त्याला वाटतं दुसरा कुणीतरी जागा बळकवायला आला. तो येतो तो फोटो काढून घ्यायला नाही, भांडायला येतो. तेवढा वेळ अंडी-पिल्लं उघडी, आणि साप, मुंगूस, कावळे यांना काय, त्यांना तेच हवं असतं.

मी स्वतः बघितलेलं सांगते, जागा सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये एका वहाळाच्या कडेला चार-पाच जण मोठमोठ्या लेन्सा लावून बसलेले, आवाज चालू, आणि तो एवढासा पक्षी चोचीत सापसुरळीचं पिल्लू धरून फांदीवर. आत पिल्लं भुकेली आणि हा बिळात शिरायलाच तयार नाही, कारण तिकडून दुसरा ओरडतोय ना! या फांदीवरून त्या फांदीवर. मी घड्याळ लावलं, चाळीस मिनिटं. मी काय बोलले ते छापण्यासारखं नाही पण शेवटी स्पीकर बंद झाला आणि दोन मिनिटांत पक्षी आत गेला.

हेच नवरंगाला लागू, हेच घुबडाला लागू. ॲपमधले आवाज घरी ऐकून कान तयार करायला आहेत. बाहेर ऐकायचेच असतील तर इअरफोन. फोटो हवा असेल तर लांब, गप्प, एका जागी दोन तास बसा, रेनकोटचा पण आवाज करू नका. मिळेल फोटो. नाही मिळाला तर नाही.

प्रश्न : रविवारी कर्नाळ्याला एका फेरीत ॲपने 31 पक्षी दाखवले. त्यातले डोळ्यांनी बघितलेले 9. ईबर्डवर 31 टाकले तर चालतील का? एकापुढे लाल ठिपका पण होता. – पनवेल

उत्तर : 9 टाका. आणि जे दिसले नाहीत पण ज्यांचा आवाज तुम्हाला स्वतःला ठाम ओळखता येतो, म्हणजे कावळा, कोकीळ, कुटूर, भारद्वाज वगैरे, ते घाला. उरलेले ॲपच्या भरवशावर नको. ईबर्ड म्हणजे कॉर्नेलचीच जगभरातल्या पक्षी-नोंदींची वही, 2002 पासूनची, आणि तिथली अपेक्षा हीच आहे की ॲपची मदत खुशाल घ्या, पण नोंद तुम्ही खात्री केलेल्या पक्ष्याची. कारण मघाशी गुहागरच्या उत्तरात लिहिलं ना, ॲप तुमच्या भागातल्या नोंदी बघून अंदाज करतं. त्या नोंदी ईबर्डमधूनच येतात. आता तुम्ही ॲपने सांगितलेला चुकीचा पक्षी तिथे टाकलात की पुढच्या माणसाला ॲप तोच पक्षी जास्त जोरात सांगणार. अफवा अशीच तर पसरते गावात, ज्याने सोडली त्यालाच फिरून कानावर येते आणि तो म्हणतो बघा, खरंच होतं.

लाल ठिपका म्हणजे या जागी या दिवसांत दुर्मीळ. अशा वेळी आनंद नंतर, आधी शंका. फेरीचं रेकॉर्डिंग फोनमध्ये राहिलेलं असतं, ते परत लावा, नावावर टिचकी मारली की ज्या सेकंदाला ॲपला तो पक्षी ऐकू आला तिथे ते नेतं. तेवढाच तुकडा पाच वेळा ऐका, शेजारी ॲपमधला नमुना ऐका. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा तिथे खार निघते. खारीची चिक-चिक-चिक आणि पावसाळ्यातले बेडूक हे दोघं मिळून इतक्या दुर्मीळ पक्ष्यांचे बाप झालेत की बस. आणि खरंच तोच निघाला तर रेकॉर्डिंग नोंदीला जोडा, तपासणारे लोक असतात, ते विचारतीलच. झेनो-कॅन्टो म्हणून आणखी एक साइट आहे, 2005 पासूनची, तिथे जगभरातले लोक आवाज टाकतात, तिथेही टाका.

आणि 9 म्हणजे कमी नाहीत हो. तुमच्याच रायगडात किहीमला 1930 मध्ये सलीम अलींनी एकाच पक्ष्याचा, सुगरणीचा, पाठपुरावा केला. घरट्यांसमोर तासन् तास बसून राहिले म्हणून कळलं की नर घरटं अर्धं विणतो, मादी येऊन पसंत करते, मग तो ते पुरं करून पुढचं विणायला घेतो दुसरीसाठी. ॲपला तिथे नुसतं सुगरण असं नाव दाखवता आलं असतं.

प्रश्न : मी 67 वर्षांचा, एसटीत ड्रायव्हर होतो. बायको म्हणते ओढ्यावर बारीक ची-ची आवाज येतोय, मला काहीच ऐकू येत नाही. ती म्हणते तुम्ही लक्ष देत नाही. ॲप माझ्या बाजूने आहे की तिच्या? – देवरूख

उत्तर : काका, ॲप काकूंच्या बाजूने आहे पण तुमचा गुन्हा माफ आहे. वय झालं की कानातून सगळ्यात आधी जातात ते वरच्या पट्टीतले आवाज, त्यात तुमची सगळी उमर डिझेल इंजिनाशेजारी गेली. तुम्हाला पावशा ऐकू येत असेल, घुबड ऐकू येत असेल, पण काकूंना ऐकू येते ती बहुधा तिबोटी खंड्याची शीळ, फार वरची आणि फार बारीक. ती तुमच्यापुरती नाहीच.

असं करा, ओढ्यावर बसा, ॲप लावा आणि नाव येण्याची वाट न बघता नुसतं चित्राच्या वरच्या भागाकडे बघत राहा. काकू म्हणाल्या आला, की त्याच क्षणी वर एक छोटी ठळक रेघ उमटेल. तुम्हाला ऐकू आलं नाही पण दिसलं. मग ती रेघ जिकडे फोन वळवल्यावर जास्त ठळक होते तिकडे हळूच दुर्बीण फिरवा. फोनचा माईक काही फार दिशेचा पक्का नसतो त्यामुळे यात काकूंचं बोट जास्त कामाचं, त्यांनी दाखवायचं आणि तुम्ही शोधायचं. माझ्या वडिलांना आम्ही असंच बसवायचो अंगणात, ते फोनवर रेघ आली की हात वर करायचे आणि आई म्हणायची ऐकू आलं वाटतं, आणि ते मुकाट्याने हो म्हणायचे.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना रेकॉर्डिंग अर्ध्या मिनिटाचं पुरे, गावाचं नाव आणि किती वाजले होते ते लिहा, आणि पंखा बंद करा.